पुण्याच्या मुलीचा ‘न’

ऐका, पण शाळेत कुणाला सांगायचं नाही हं. माझा आतेभाऊ नीलेशदादा एका मालिकेत नायिकेच्या भावाचं काम करतो. नायिका ईशा, अस्सल पुण्याची. दोघांचं जमलंय, असा अर्नाळ्याच्या आत्याला दाट संशय. दादा म्हणायचा, “आई, पडद्यावर बहीन आहे ती माझी! असलं कुनी ऐकलं तर मला काढून टाकतील.”

शूटिंग विरारला आलं तेव्हा आत्याने मला लक्ष ठेवायला पाठवलं. दोघं लांब बसून एकमेकांना अहो-जाहो करत होते. मला तेच खटकलं. बाकी सगळे तिला अगं-तुगं करत होते.

शॉट सुरू झाला. ईशाने तांब्या पुढे केला. “दादा, पानी घे.”

“कट! पाणी!” दिग्दर्शक ओरडले.

पुन्हा “पानी”च.

“अगं, पुण्याच्या मुलीला हा ‘न’ कुणी लावला?”

सगळे दादाकडे बघायला लागले. दादाने तांब्या तोंडाला लावला तो काढेचना.

घरी आत्याने विचारलं, “काय दिसलं?”

“दिसलं काहीच नाही. पण ती तुम्हा अर्नाळकरांसारखं पानी म्हणते.”

आत्याने भिंतीवरचं कॅलेंडर काढलं. मग म्हणाली, “बोलनी करायला पुन्याला कधी जायचं?”