अर्धी भिंत

निभा : फुआ, ही भिंत कुणी लिंपली?

फुआ : कोण लिंपणार? तुझ्या बापाची ही बहीण. परवा तू छपऱ्याला कॉलेजात गेलीस ना, तेव्हा. गंडकीकाठची पिवळी माती, शेण, भाताचा कोंडा. बघ कशी तुकतुकीत दिसतेय!

निभा : मी हात जोडून सांगितलं होतं गं! फवाऱ्याचं औषध आहे त्या भिंतीवर. त्यावर मातीचा हात फिरला की वाळूमाशीला रान मोकळं. आणि माशी आली की काळा आजार आला.

फुआ : सांगितलं होतंस, म्हणून तर होळीला हात लावला नाही. अख्ख्या टोल्यात, या वस्तीत कुणी लावला नाही. तुझ्यापायी पोपडे निघालेल्या घरात होळी खेळलो. पण आज पाटण्याहून तुझ्या मॅडमजी यायच्या. पाहुणा दारात आणि भिंत अशी? नाक कापून घेऊ?

निभा : पाहुणी भिंतच बघायला येतेय, फुआ!

फुआ : म्हणून तर लिंपली.

निभा : आणि बाकीच्या घरांतल्या?

फुआ : मी माती कालवताना बघितलं त्यांनी. मग कोण मागे राहतंय? सुगियाने तर वर मोर काढलाय.

निभा : संपलं सगळं. पलीकडच्या टोल्यात लिंपलेल्या भिंती, आपल्यात न लिंपलेल्या. तिकडे माश्या जगतात, इकडे मरतात, एवढंच आज दाखवायचं होतं. आम्ही तिघं विद्यार्थी आणि मॅडमच्या संस्थेत वर्षभर संशोधन करायला जागा एकच. त्यासाठी दोन महिने उन्हात वणवण केली मी.

फुआ : मग गप्प बस ना. भिंत पहिल्यापासून अशीच होती म्हणू. मी छठी मैयाची शपथ घेते.

निभा : तू घेशील. माश्या थोड्याच घेणार?

फुआ : चिडू नको, बबुनी. मला तरी काय हौस आहे? याच खोलीत गेला तुझा बाप. पोट नगाऱ्यासारखं, अंग कोळशासारखं. आमच्या लहानपणी तर कुणाच्या घरचं कोण गेलं हे विचारायची सोय नव्हती. प्रत्येक घरचं कुणी ना कुणी गेलेलं असायचं.

मॅडम : कुणी आहे का घरात? ही पेटी सावलीत घ्या आधी. माझं सोडा, माश्यांना ऊन सोसत नाही.

फुआ : या, या मॅडमजी! पण आमच्याकडे माश्यांना तोटा होता का, की पाटण्याहून आणल्या?

मॅडम : या माश्या आमच्या संस्थेत वाढवलेल्या. शिकलेल्या आहेत, कुणाला चावलेल्या नाहीत. निभा, टोला नव्या नवरीसारखा दिसतोय. काय भानगड आहे?

निभा : मॅडम, तुम्ही येणार म्हणून सगळ्यांनी भिंती लिंपल्या. माझ्याकडे दाखवायला काही उरलं नाही. जे झालं ते हे असं आहे.

मॅडम : माझ्या स्वागतासाठी माझंच औषध मातीखाली पुरलं! या नुझहत अख्तरच्या नशिबात हेही होतं. आणि ती चटई कशाला टांगलीय तिथे?

फुआ : तिकडे बघू नका, मॅडमजी. अर्ध्यावर कंबर धरली माझी. तिथून पुढची भिंत तशीच राहिली. लाज वाटते म्हणून झाकली.

निभा : फुआ, थांब. तशीच राहिली?

फुआ : म्हटलं ना, कंबर...

निभा : मॅडम! एकच भिंत. अर्धी लिंपलेली, अर्धी न लिंपलेली. खोली तीच, फवारा त्याच दिवशीचा!

मॅडम : मग माझ्या तोंडाकडे काय बघतेस? काढ चटई. दोन्हीकडे भिंतीवर कप उपडे लाव आणि त्यांत माश्या सोड. उद्यापर्यंत मी इथून हलत नाही.

फुआ : राहणार? मग लिट्टी भाजते. कंबर गेली खड्ड्यात.

(दुसऱ्या दिवशी दुपारी, त्याच खोलीत.)

फुआ : बोल ना गं! जीव टांगणीला लागलाय माझा.

निभा : न लिंपलेल्या बाजूच्या सगळ्या मेल्या.

फुआ : आणि माझ्या बाजूच्या?

निभा : ये, तूच बघ.

फुआ : अगं बाई... नाचताहेत की. माझ्या मातीवर नाचताहेत.

मॅडम : आजवर आम्ही एक घर दुसऱ्या घराशी ताडून बघायचो. लगेच कुणीतरी म्हणायचं, त्यांची गाय वेगळी, यांची माणसं वेगळी. आता एकाच भिंतीशी कोण भांडणार? निभा, समितीने निवड माझ्यावर सोडलीय. जागा तुझी.

निभा : माझी? भिंत लिंपली गेली तरी?

मॅडम : लिंपली गेली हे तू आल्या आल्या सांगितलंस. ते आणि ही भिंत, दोन्ही मोजलं मी.

फुआ : सुगिया! ए सुगिया! आमच्या बबुनीला जागा मिळाली! ये, गूळ घेऊन ये! पण मॅडमजी, आता कधी लिंपायचंच नाही का? बायका मला जगू देतील?

निभा : लिंपा की. फक्त आधी तुम्ही लिंपा, मग फवारा. सण कधी आहेत ते बघून फवारणीचे दिवस ठरायला हवेत.

मॅडम : वर्षभर हेच दाखवून द्यायचंय तिला. यंदा चैती छठचा सण झाला की ही एक भिंत सोडून टोल्यात पुन्हा फवारा मारून घेते मी.

फुआ : मग छठच्या आधी ही राहिलेली अर्धी पुरी करून टाकू?

निभा : फुआ! वर्षभर हिला बोटसुद्धा लावायचं नाही.

फुआ : बरं बाई, बरं. छठी मैयाला सांगेन, यंदा अर्ध्या भिंतीवर भागवून घे. अर्धी आमच्या बबुनीची आहे.