पांढऱ्या पट्ट्याखालची शिवण

आमचा गाव रत्नागिरीच्या खाली, खाडीच्या काठाला, न् माझा बापूस थंडीच्या दिवसांत खाजणात जाळं लावून बदकं धरायचा, म्हणजे ताई, माझं ह्या पाखरांशी नातं कुवैतमध्ये नाय जुळलं, ते जन्मापासूनचं. बापूस जाळ्यातनं बदक सोडवायचा, किब्ल्याकडे, म्हणजे मक्केच्या दिशेला, तोंड करायचा, बिस्मिल्ला म्हणायचा न् गळ्यावर सुरी, तिथल्या तिथे. जाळ्यात गुदमरून मेलं तर ते मुरदाड, खाता येत नाय, कुत्र्याला टाकायचं. म्हणून घाई. आमच्या माणसांच्या हातातच असते ही घाई, डोक्याला विचारायला जात नाय ती. एवढं ध्यानात ठेवा, मग मी पुढचं सांगतो.

कुवैतला मला आणलान् तो दाऊदभायनं, माझ्या बायकोच्या थोरल्या भावानं. तो अबू युसूफ म्हणून एका कुवैती माणसाच्या खैरानच्या शालेमध्ये स्वयंपाकी होता. शाले म्हणजे दर्यावरचं सुट्टीचं घर, मोठं, समोर खाडी आत शिरलेली. अबू युसूफला पाखरांचा नाद. ससाणे, तितर, बदकं, सगळी पेंढा भरून भिंतीला लावायची. आपण पेंढा म्हणतो, पण पेंढा नसतो त्यात, कापूस असतो, ताग असतो, पायात न् मानेत तार असते. त्याच्याकडे एक म्हातारा मिसरी, म्हणजे इजिप्तचा, कारागीर होता, त्यानं मला शिकवलान् न् तो गेला मायदेशी, मग ते काम माझ्याकडे आलं. मी जाळं लावायचा, मीच सोलायचा, मीच शिवायचा.

आता पेंढा भरायचं पाखरू कापायचं नसतं. बंदूक नाय, सुरी नाय, पिसाला रक्त लागता कामा नये. मिसऱ्यानं दाखवलान् तसं करायचं, पंखांखाली बोटं घालायची न् छाती दाबून धरायची. श्वास कोंडतो. त्याचं काळीज तुमच्या बोटांवर आपटत राहतं, आपटत राहतं, न् मग नाय आपटत. एवढंच काम. दाऊदभायला बघवायचं नाय. तो म्हणायचा, हसन, हा काय खाटीकपणा पण नाय रे, खाटीक निदान अल्लाचं नाव तरी घेतो, न् एवढं गुबगुबीत बदक तू मुरदाड करतोस, कुणाच्या तोंडात जाणार नाय. मी म्हणायचा, भाय, तुझी हंडी तू सांभाळ. रोजचं भांडण आमचं, जेवताना सुरू न् जेवण संपलं की संपलं.

मग ऑगस्ट आला, इराकची फौज कुवैतमध्ये घुसली, तुम्हाला ठाऊकच आहे. अबू युसूफ कुटुंब घेऊन हद्दीपल्याड सौदीत पळाला, हद्द तिथून हाकेवर. जाताना म्हटलान्, घर सांभाळा, आठवड्यात येतो. आम्ही बसलो सांभाळत. अहमदीतले, शहरातले आपले लोक बसराला, तिथून अम्मानला, तिथून विमानानं मुंबईला चालले होते न् आम्ही दुसऱ्याच्या घरात गालिचे झाडत होतो. ह्याला काय म्हणायचं? इमान म्हणा नायतर गाढवपणा म्हणा, मला विचाराल तर गाढवपणाच.

घर शेवटी इराकी अफसरानं घेतलान्. पहिल्याच दिवशी त्याच्या शिपायांनी भिंतीवरची पाखरं जमिनीवर मांडून नेमबाजी केली. मेलेल्यांना परत मारलं, काय सांगू तुम्हाला, सगळीकडे कापूस न् ताग, न् ते हसतायत. एक खुदेरीची मादी तेवढी धड राहिली होती, खुदेरी म्हणजे ते मोठं बदक, नराचं डोकं हिरवंगार असतं न् मानेला पांढरा पट्टा. अफसरानं ती उचललीन्, पिसांवर फुंकर मारलीन् न् विचारलान्, हे कुणी केलं? मी म्हटलं, मी. तर म्हणतो, हिचा नर मला करून दे. घरी न्यायचाय, माझ्या बायकोला. एकही भोक नको, एकही डाग नको. नर दिलास की दोघांना बसराच्या बसमध्ये बसवतो, नाय दिलास तर दोघं इथंच.

बदकं थंडी पडल्यावर येतात, म्हणून आम्ही वाट बघितली. दाऊदभाय त्यांचा भात शिजवायचा न् आम्हाला उरलंसुरलं. हळूहळू उरलंसुरलं पण उरेना. ह्या मधल्या दिवसांत त्यांनी किनाऱ्यात सुरुंग पुरलेनी, दर्यातनं अमेरिकेचे लोक येतील म्हणून. खाडीच्या अल्याडची एक वाट तेवढी मोकळी ठेवली होती, पल्याडच्या वाळूत सगळं पेरून ठेवलेलं. शिपाई गंमत म्हणून तिकडे कुत्री हाकलायचे.

न् मग एका सकाळी ती आली. थवा उतरला, थोडी अल्याड, बरीचशी पल्याड. आम्ही पाण्याच्या कडेला जाळं लावून ठेवलं होतंच. अफसर खुर्ची टाकून बसला, चहा घेऊन, जशी काय सर्कस आहे. मी दोरी ओढली न् जाळ्यात एक नर सापडला, काय नर होता ताई, मी आयुष्यात असा बघितला नाय, पट्टा असा पांढरा की दुधाची रेघ. पण जाळं ओलं, जड, त्यानं धडपड केलान् न् त्याचं डोकं पाण्याखाली गेलं. मी दोरीला अडकलेला. दाऊदभाय पुढे होता, मी ओरडलो, भाय, धर त्याला. त्यानं धरलान्, वर काढलान्, तर मान लटकलेली, चोच उघडी. मरतंय. त्यानं बघितलान् मरतंय, न् कमरेची सुरी कधी काढलीन् ते त्याचं त्याला कळलं नाय. बिस्मिल्ला म्हटलान् न् बरोबर पट्ट्यावर चालवलीन्. मग माझ्याकडे वळून काय म्हणतो, हसन, वाचवला रे, हलाल झाला. तोंड असं खुललेलं त्याचं. हसत होता माझा मेव्हणा. मग स्वतःच्या हाताकडे बघितलान् न् त्याच्या तोंडावरचा रंग गेला.

अफसर उठून आला. रागावला नाय, मी मनात म्हणत होतो रागाव, दोन ठेवून दे. तो हसला. म्हणतो, याची मान खराब केलीस, तिकडे अजून बसलेत, जा, दुसरा घेऊन ये. बोट दाखवलान् पल्याड. मी म्हटलं, साहेब, मी जातो, जाळं माझं काम आहे. तर माझा पंजा हातात घेतलान्, उलटासुलटा करून बघितलान् न् म्हणतो, नाय, तुझे हात मला लागणार आहेत. ह्याचे नाय लागत.

त्याच्या पाठीला शिपायानं बंदूक लावली होती. दाऊदभायनं चपला काढून ठेवल्यान्, जाळं खांद्यावर टाकलान्, माझ्याकडे बघितलान् पण नाय, पाण्यात उतरला. खाडी तिथे छातीभर. पल्याड चढला, कपडे पिळलेन्, आता हे काय कपडे पिळायचं काम होतं का, पण पिळलेन्. मग चालायला लागला. बदकं त्याला बघून सरकत सरकत पुढे जात होती, उडत नव्हती.

आवाज झाला तेव्हा उडाली. सगळा थवा उडाला, एक फेरा मारलान् न् परत तिथेच येऊन बसला. ते मी कधी विसरणार नाय, ती परत बसली.

मला आणायला जाऊ दिलं नाय त्यांनी. मी वाळूत डोकं आपटलं, पाय धरले, काय नाय. अफसर म्हणतो, जाऊ दे, हाच नर कर आता, मान शिवून घे. न् केला ताई. त्या दिवशीच केला, कातडं तसंच ठेवलं तर पिसं झडतात. रक्त थंड पाण्यानं धुतलं, पांढरी पिसं एकेक करून, पट्ट्याखाली आतनं टाके घातले असे की अल्लालाच दिसावेत. ओली पिसं वाळवायला पीठ लागतं, ते वर घोळवून झटकायचं. आम्हाला भाकरीला पीठ नव्हतं, त्या दिवशी मला परातभर पीठ मिळालं, पिसांसाठी. सोललेलं बदक त्यांनी शिजवलेनी न् एक ताटली माझ्यापुढे ठेवलीनी. अफसर म्हणतो, खा, तुझ्या माणसानं हलाल केलंय. मी खाल्लं. भूक लागली होती, खाल्लं. दाऊदभायच्या हातचं शेवटचं जेवण ते, दुसऱ्यानं रांधलेलं.

न् शब्दाचा पक्का निघाला बघा तो, मला बसमध्ये बसवलान्. शेजारच्या रिकाम्या जागेवर थाप मारून म्हणतो, दोन जागा बोललो होतो, दोन दिल्या. पाय पसरून जा.

घरी पोचलो. झुबेदानं, माझ्या बायकोनं, दारात मला बघितलीन् न् माझ्या पाठीमागे बघत राहिली. मी सगळं सांगितलं, ताटलीचं सोडून. तिनं विचारलीन्, माती दिलीत का?

लढाई संपली न् अबू युसूफनं परत बोलावलान्, आलो. दुसरं काय येतं मला? अफसर पळाला तेव्हा घाईत नर इथेच विसरून गेला. मादीला घेऊन गेला न् नर विसरला. अबू युसूफनं तो आता अहमदीच्या घरात बैठकीत ठेवलाय, पाहुण्यांना दाखवतो, मानेवरनं हात फिरवतो न् म्हणतो, बघा, कुठे टाका लागतो का हाताला, ह्याला म्हणतात हात. मी चहा देत उभा असतो. आता त्याला जोडीला मादी हवीय. म्हणून मी वाळवंटात फिरतो, इराक्यांनी पळताना तेलाच्या विहिरी पेटवलेनी, तिथे तेलाची तळी साचलीत, पाखरं वरनं बघतात, त्यांना वाटतं पाणी, न् उतरतात. जी सापडते ती काळी. साबणानं धुतो, परत धुतो, पीस सुटत नाय. दाबायची पण गरज नाय त्यांना, आधीच मेलेली असतात. तिथल्या धुरानंच ही छाती धरलीय माझी, म्हणून तुमच्या वॉर्डात.

वाळूतले सुरुंग काढणाऱ्यांना मी विचारून आलो, दाऊदभायचं काय सापडलं का, त्यांनी नाय म्हणून मान हलवलीनी. झुबेदाचा निरोप आलाय, भावाची एक तरी वस्तू आण, सदरा नायतर टोपी, काही चालेल. त्यानं काढलेल्या चपला मी शालेत जपून ठेवल्या होत्या, तिथे आता नायत. त्याच्या हातचं ह्या देशात एकच काम उरलंय ताई, त्या नराच्या मानेवरचा तो काप, न् तो मी असा शिवलाय की कुणाला सापडत नाय.

तुमचे भाऊ कुठे असतात? पुण्याला? तिथेच राहू देत. अल्ला त्यांना तिथेच ठेवो, न् तुमच्या डोळ्यांदेखत त्यांचे केस पांढरे होवोत. जा आता, पलीकडचा म्हातारा कधीपासून पाणी मागतोय.