मोराची खुर्ची

पेणच्या एसटी स्टँडवर माझ्या मागच्या बाकावर दोघी बोलत होत्या. एक पाळणाघर चालवणाऱ्या कुंदाताई, दुसरी त्यांच्याकडे मुलगा ठेवणारी मनस्वी.

"तुझा विहू आजपण शीच्या खुर्चीवर बसला नाय गो. बाकीची पोरं बसतात. हा कोपऱ्यात जाऊन चड्डीत करतो."

"काल घरी पण चड्डीतच केली, ताई. पण काढू नका त्याला. कारखान्यात सगळे गणपती रंगवायचे पडलेत."

"काढत नाय गो. हट्ट करून रडला असता तर समजलं असतं. हा खुर्ची दिसली की हात जोडतो. मला वाटलं, सोडा म्हणून माझ्या पाया पडतो."

"हात जोडतो? कसली खुर्ची हाय?"

"नवीन आणली. सोनेरी रंगाची, मागं मोराचा पिसारा. पोरांना आवडंल म्हटलं."

"अरे देवा."

"का गो, काय झालं?"

"कारखान्यात गणपतीचं एक रिकामं सिंहासन ठेवलेलं, तसलंच, मोराचं. हा जाऊन त्यावर बसला. त्याच्या पप्पांनी ढुंगणावर सणसणीत दिली. बाप्पाची जागा हाय, परत बसायचं नाय म्हणाले."

"मग कसा बसंल गो तो! उद्या साधं भांडं आणते."

रोह्याची गाडी लागली. कुंदाताई उठल्या, मनस्वी बसूनच राहिली.

"काल चड्डी भरली म्हणून मी पण मारलं त्याला, ताई."

"कुठं?"

"पप्पांनी मारलं, तिथंच."