विहीणबाई फ्रेमबाहेर

व्हिडिओसाठी कोणतं सॉफ्टवेअर घेऊ म्हणून मले विचारता ना, मंग आधी आमच्या बाबांचं ऐका. कटंगीले ताईच्या साखरपुड्यात सगळा व्हिडिओ त्यांनीच काढला. आताशा त्यांचा हात थरथरते, पण मोबाईल दुसऱ्याच्या हाती द्यायले ते तयारच नव्हते.

घरी बालाघाटले परतल्यावर मी दोन सॉफ्टवेअर लावून पाह्यले. फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये चित्र हालतच राह्यलं. दुसऱ्या, विकतच्या सॉफ्टवेअरमध्ये एक बटण दाबलं अन् सगळं एकदम स्थिर! बाबा खुर्ची ओढून जवळ बसले.

"त्याले माहा हात कसा समजला रे?"

"हात नाही समजत, बाबा. चित्र हालते तेवढ्या कडा ते कापून टाकते."

"मंग हेच घे!"

तेवढ्यात व्हिडिओत अंगठी घालायची वेळ आली अन् बाबा एकदम पुढं वाकले.

"विहीणबाई कुठं गेल्या?"

ताईच्या होणाऱ्या सासूबाई कडेलेच उभ्या होत्या. कडेसंगं त्याही कापल्या गेल्या. अन् व्हिडिओ तर त्यांच्याच घरी पाठवायचा होता!

बाबांनी आपल्या हाताकडं पाह्यलं.

"फुकटचंच राहू दे," ते म्हणाले. "माहा हात हालला तर चालते. विहीणबाई फ्रेममधून हालल्या नाही पाह्यजे."