वेतोबाच्या चपला

—नाही हो हुसेनमियाँ, अल्लाचं नाव घेतलंच नाही मी! शप्पथ! कुणाच्या देवाची घेऊ, तुमच्या की माझ्या? — बरं, राहू दे. त्या फोरमनला हिंदी येतं, मराठी नाही. त्यानं 'देवा' ऐकलं, 'चप्पल' ऐकलं आणि सुटला ऑफिसात — भिकूने खुदा को चप्पल दिखायी! आता सौदीतल्या जुबैलच्या या अख्ख्या कॅम्पात मराठी समजणारे, रत्नागिरीचे, तुम्ही एकटे — म्हणून तर ऑफिसातल्या साहेबानं तुम्हाला बोलावलंय, हा नक्की काय बोलला ते सांगायला. तुम्ही म्हणाल तेच खरं. नाहीतर मी गेलो आत, खलास. मग सांगा ना, आमच्या गावच्या वेतोबाला चपलाच वाहतात! चामड्याच्या, हातभर लांब. गावाची राखण करत फिरतो, झिजतात त्याच्या. हसताय काय? मी एवढंच म्हटलं — देवा, तुला चपला देईन.

तो वेल्डिंग तपासणारा आयरिश साहेब ठाऊक आहे ना, लालतोंड्या? त्यांच्या देशाच्या घटनेत होतं म्हणे, देवाची निंदा हा गुन्हा. लोकांनी मतं टाकून तो शब्दच खोडला! आणि हा पठ्ठ्या त्या मतासाठी रजा काढून, विमानानं घरी! म्हटलं, साहेब, आमच्या कोकणात त्याला मतदान लागत नाही, आम्ही देवळात उभं राहून तोंडावर झाडतो देवाला. ऐकून घेतो बिचारा, घरचाच तो. — पण रजा बघा कुणाला मिळते! माझ्या बायकोला, किशोरीला, अकरा वर्षांनी दिवस गेले, नववा लागला, तरी कफील, ज्याच्या हातात आपला व्हिसा तो मालक, म्हणतो उद्या ये, उद्या ये.

म्हणून बाळ-बाळंतिणीसाठी भावाकरवी चपला आधीच वाहिल्या. काम व्हायच्या आधी! कोण देतं हो असं? आणि सोमवारी, पाइपावर चढलेला मी, तर फोन — मुलगी झाली. रडलीच नाही म्हणे. — मग काय, आलं तोंडातून, 'चपला घेतल्यास ना मेल्या, त्याच काढून तुझं थोबाड फोडतो!'

…हां. असंच बोललो. देईन-बिईन काही नाही.

आता बघता काय माझ्याकडे? पाच वेळचे नमाजी तुम्ही, खोटं बोलायचे नाही, ठाऊक आहे मला. मग अर्धंच सांगा. माफी मागतो का, विचारतील. मागतो म्हणावं — ऑफिसातल्या साहेबाची मागतो, फोरमनची मागतो, पाया पडतो. वेतोबाची नाही. त्यानंच माझी मागायची राहिलीय अजून.

— पुकारलं तुम्हाला. जा. जा म्हणतो ना, यल्ला!