जांभळी बटणं

डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी बाप-लेक नंबराची वाट बघत बसले होते.

"बाबा, घरी गेले की कॉम्प्युटरची थीम बदलते. काळ्यावर मोठी पांढरी अक्षरं करते."

"काही नको. आहे ती राहू दे."

"अहो, जांभळ्यावर जांभळीच अक्षरं! चांगल्या डोळ्यांनाही दिसत नाहीत."

"तुझ्या आईने केलीय. त्या लिनक्स सिस्टिमचा काय नाद लागला होता तिला! एकेका अ‍ॅपची बटणं रंगवत बसायची."

"म्हणून तुम्ही अपडेट करत नाही होय?"

"मागे केलं, तर अर्धी बटणं करडी पडली. तेव्हा ती होती, तिने पुन्हा रंगवली. आता कोण रंगवणार?"

"पण तुम्हाला वाचता येतं का त्यातलं काही?"

"नाही गं."

"मग रोज उघडून बसता कशाला?"

"रंग दिसतो ना अजून."