बाबांचा दाबायचा नळ

तुमच्या त्या सेन्सरच्या नळाचं कौतुक मला नका सांगू. असला शहाणा नळ आमच्या बाबांनी नव्वदच्या सुमारालाच मीरा रोडच्या घरात बसवला होता. वरून दाबला की तांब्याभर पाणी सोडायचा आणि आपोआप बंद व्हायचा. "आता एक थेंब वाया जाणार नाही," असं म्हणत बाबांनी घरातले दोन्ही नळ बदलून टाकले.

तेव्हा पाणी दिवसाआड यायचं, तेही जेमतेम अर्धा तास आणि लहर लागेल तेव्हा. म्हणून बिल्डिंगमध्ये सगळेजण नळ उघडा ठेवून खाली रिकामं पातेलं लावायचे. पातेलं वाजलं की पिंप भरायला धावायचं.

त्या रविवारी आईने सवयीने नळाखाली पातेलं लावलं आणि जेवून आम्ही आडवे झालो. जाग आली ती शेजारच्या ज्योतीबेनच्या हाकेने.

"भाभी, क्या प्रेशर था आज! मेरा तो बाथरूम का टब भी भर गया. आपका हो गया ना?"

आई धावत मोरीत गेली. नळ दाबला, तर नुसती हवा फुसफुसली. तिने बाबांकडे पाहिलं. बाबांनी पेपर तोंडासमोर धरला, तोही कालचा.

"अरे, पर आपने भरा क्यों नहीं?" ज्योतीबेननी विचारलं.

आईने रिकामी बादली बाबांच्या पुढ्यात आदळली आणि म्हणाली, "इन्होंने पानी बचाने का नल लगाया है ना. आज सगळंच बचाया!"